उभी घोडी : प्रकल्पाच्या नोंदी

४ जून

काल शेवटची ऑर्डर पोचती केली. सतरा वर्षं लोकांनी सांगितलेली चित्रं काढली. पोर्ट्रेट, फोटोवरून जोडप्यांची चित्रं, स्वागतकक्षात लावायला निसर्गचित्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं. त्या कामाबद्दल मनात कडवटपणा नाही. त्यानेच हात तयार झाला आणि घर चाललं. पण आता सहा महिने एकही ऑर्डर घ्यायची नाही. तेवढे दिवस निघतील इतकं बाजूला ठेवलंय. या सहा महिन्यांत घोडे काढायचे, आणि ते कुणाला द्यायचे नाहीत.

घोडेच का, हे आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मन डळमळलं तर वाचता येईल. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी त्यांच्या घोड्याचं चित्र सांगितलं होतं. फोटो दिला. म्हातारा घोडा, पाठ थोडी खोलगट झालेली, मागचा एक पाय सैल सोडून उभा, खालचा ओठ लोंबलेला. त्या फोटोकडे मी पहिल्या दिवशी नुसती बघत बसले होते. मग सूचना आल्या. मान कमानदार हवी. पुढचे दोन्ही पाय उचललेले हवेत. आयाळ वाऱ्यावर उडायला हवी. रंग जरा उजळ. मी सगळं केलं. चित्र पसंत पडलं, भिंतीवर लागलं. त्यात तो घोडा नव्हता. मी त्याला चित्रात येऊच दिलं नाही, आणि ही गोष्ट तेव्हापासून मनातून गेलेली नाही.

तर काढायचं आहे ते एवढंच : उभा घोडा. काहीही न करणारा.

७ जून

आज कुठलाही संदर्भ समोर न ठेवता आठवणीतून काढून बघितलं. मोठा कागद, चारकोल. डोकं, मान, छाती हाताला येतात. पोटही बरं आलं. पाय मात्र चारही खोटे. लांबून बघितलं की घोडा, जवळ गेलं की टेबलाला डोकं लावलंय असं वाटतं.

चूक कुठे होते ते शोधायला हाडांपासून सुरुवात केली. घोड्याच्या मागच्या पायात मध्यावर जो सांधा मागे टोक काढून असतो, तो गुडघा नव्हे. ती टाच. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, कातडीत जवळजवळ लपलेला. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट. आणि सगळा घोडा उभा असतो तो प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर, मधल्या बोटाच्या नखावर. खूर म्हणजे ते नख. हे एकदा डोक्यात बसलं की पाय उलटा वाकतोय असं वाटेनासं होतं. आपलाच हात आणि आपलाच पाय, फक्त टोकावर उभे.

दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडली. मनगटाच्या आणि टाचेच्या खाली घोड्याला मांसल स्नायू जवळपास नसतातच. हाड, कंडरा, कातडी, संपलं. मी तिथे सवयीने गोलाई देत होते, माणसाच्या पोटरीसारखी. तिथे ताणलेल्या दोऱ्या दिसायला हव्यात. मागच्या बाजूने एक जाड कंडरा, तिच्या आणि हाडाच्या मध्ये एक खोल खाच, आणि उजेड त्या खाचेपाशी तुटतो.

खांद्याचंही तसंच. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन पाय धडाला हाडाने जोडलेले नाहीत. त्या दोघांच्या मध्ये छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. म्हणून घोडा वजन या पायावरून त्या पायावर घेतो तेव्हा सगळी छाती सरकते. हे वाचून माहीत होतं. काढताना आज पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी जॉर्ज स्टब्सच्या हाडांच्या आणि स्नायूंच्या आकृत्या पुन्हा बघितल्या. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या हॉर्कस्टो गावातल्या एका शेतघरात या माणसाने सुमारे दीड वर्ष काढलं. मेलेले घोडे कप्पी-दोराने उभे टांगायचे, कातडीपासून हाडापर्यंत एकेक थर सोलत जायचं आणि प्रत्येक थराचं चित्र करायचं. बाजूने, समोरून, मागून. तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचं कामही त्याने स्वतःच केलं आणि १७६६ मध्ये ते सगळं छापून आलं. त्या खोलीतल्या वासाची कल्पना करवत नाही. पण त्याची रेघ बघा : कुठेही घाई नाही, कुठेही किळस नाही.

८ जून

फक्त मागचे पाय. दिवसभर. चाळीस काढले, सहा ठेवले.

१३ जून

आज पहिल्यांदा तबेल्यात बसले. घोडेस्वारी शिकवतात तिथली पागा. आधी परवानगी घेतली होती. बारा घोडे आहेत. सांभाळणारे मोतद्दार काका साठीच्या पुढचे असावेत. मी म्हटलं, "काका, मला पळणारा घोडा नको, उभा असलेला हवाय." त्यांनी थोडा विचार केला. "मग ताई, तुम्ही दुपारी येत जा. सकाळी ही पोरं चुळबुळ करतात. जेवण झालं की उभ्या उभ्या डुलक्या काढतात." बारा घोड्यांना ते पोरंच म्हणतात.

मग त्यांनी मला टोकाच्या ठाणावर नेलं. तिथे चांदणी. बावीस वर्षांची घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, मागच्या डाव्या पायात खुराच्या वर पांढरा पट्टा. अंग तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे. "कुमाईत रंग म्हणतात याला," काका म्हणाले. माझ्या रंगाच्या ट्यूबवर असा शब्द कधी वाचला नव्हता. घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते.

चांदणीवर आता कुणी स्वार होत नाही. डोळ्यांच्या वर दोन खोल खळगे पडलेत. वय झालं की तिथली चरबी कमी होते. पाठीला बाक आहे. आणि खालचा ओठ लोंबतो.

तीन तास बसले. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची स्केचं, मग दोन मिनिटांची. उभा घोडा स्थिर असतो हा माझा समज पहिल्या दहा मिनिटांत गेला. शेपूट हलते. माशी बसली की खांद्यावरची कातडी तेवढ्याच जागी थरथरते, कातडीच्या खाली त्यासाठी वेगळा पातळ स्नायू आहे. कान एकेकटे फिरतात, एक माझ्याकडे, एक दाराकडे. मग दीडच्या सुमारास चांदणीने मागचा डावा पाय सैल सोडला, खुराचं फक्त टोक जमिनीला टेकवलं, आणि सगळं अंग थांबलं.

हीच ती अवस्था, फोटोतली. काय होतं ते आज डोळ्यासमोर बघितलं. मागच्या उजव्या पायात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या कडेवर अडकून बसते आणि पाय कुलूप लावल्यासारखा घट्ट होतो. तो पाय सगळं मागचं वजन पेलतो, तेही फारशी मेहनत न घेता. पुढच्या दोन पायांनाही कंडरांचा तसाच आधार असतो. म्हणून घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावंच लागतं. चित्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की डावा पाय सुटला की कमरेचं डावं हाड खाली येतं आणि उजवं वर राहतं. पुठ्ठ्याची, म्हणजे घोड्याच्या मागच्या भागाची, रेघ तिरकी होते. मागून बघितलं तर छपराचा एक पाखा खचल्यासारखी. ती तिरपी रेघ चुकली तर घोडा विसावलेला दिसत नाही, लंगडा दिसतो.

वीस मिनिटांनी तिने पाय बदलला आणि माझं स्केच तिथेच राहिलं. हरकत नाही.

१५ जून

तबेल्यात काढलेले फोटो घरी लावून बघितले. निम्मे टाकून द्यावे लागतील. फोनने जवळून फोटो काढला की डोकं मोठं आणि मागचं धड आखूड येतं. ऑर्डरच्या कामात असे किती फोटो आले असतील आणि मी ते मापं जशीच्या तशी उतरवली असतील! आता सात-आठ मीटर मागे जाऊन, झूम करून काढायचे. माप पडताळायला जुना ठोकताळा वापरते : डोक्याची लांबी धरून मोजायचं, छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत साधारण अडीच डोकी, जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंतही साधारण तेवढीच. म्हणजे घोडा जवळजवळ चौरसात बसतो. चांदणी थोडी लांबट आहे.

फोटो आता फक्त पट्ट्याची कड, खुराचा आकार यासाठी. उभं राहणं कसं असतं ते वहीतून घ्यायचं.

२१ जून

पाऊस. तबेल्याकडे जाता आलं नाही, म्हणून टेबलावर धावणाऱ्या घोड्यांची चित्रं पसरून बसले. मला ते काढायचे नाहीत, तरी इतक्या चित्रकारांना तेच का काढावंसं वाटलं हे समजून घ्यायचं होतं.

थिओदोर जेरिकोचं एप्सम शर्यतीचं चित्र १८२१ चं, लूव्हरमध्ये आहे. चारही घोडे हवेत, पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे, पोट जमिनीला समांतर. त्या काळी युरोपात भरधाव घोडा बहुतेकदा असाच काढत. मग १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावली आणि घोड्याच्या धावण्याचे एकामागून एक तुकडे पकडले. घोड्याचे चारही पाय एका क्षणी खरंच जमिनीवरून सुटतात, पण ते पाय पसरलेले असतात तेव्हा नाही. सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे चित्रकारांचा घोडा ज्या क्षणी हवेत होता, त्या क्षणी खरा घोडा जमिनीवर असतो.

एदगार देगा हे फोटो बघून घोड्यांची स्केचं करायचा. पण मला त्याचे शर्यतीच्या सुरुवातीआधीचे घोडे जास्त आवडतात, ताटकळलेले, आडवेतिडवे उभे, स्वार खोगिरात सैल बसलेले. शर्यत सुरू झालेली नाही आणि चित्र पूर्ण आहे.

जेरिकोचं चित्र खोटं म्हणून मला कमी वाटत नाही. त्याने वेग काढला, पाय नाही काढले, आणि वेग खरा आहे. माझं त्या ऑर्डरच्या घोड्याचं चित्र मात्र वेगळ्या तऱ्हेने खोटं होतं. तिथे मला उधळलेल्या घोड्याबद्दल काही म्हणायचंच नव्हतं.

एक गोष्ट इमानदारीने लिहिली पाहिजे. मला सर्वात प्रिय असलेलं घोड्याचं चित्र, स्टब्सचं 'व्हिसलजॅकेट', हे ऑर्डरचंच काम. १७६२ च्या सुमारास एका उमरावासाठी केलेलं, जवळपास तीन मीटर उंच, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. घोडा मागच्या पायांवर उठलेला, आणि भोवती काहीच नाही. ना झाड, ना आकाश, ना स्वार. कोरी, फिकट पार्श्वभूमी आणि खुरांपाशी थोडीशी सावली. म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं काम म्हणून चित्र पडतं असं नाही. माझ्याकडे तेव्हा 'नको' म्हणायची हिंमत नव्हती.

२७ जून

कॅनव्हास तयार केला. ६० बाय ९० सेंमी, आडवा. जेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. मग रॉ अंबर आणि थोडा यलो ऑकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने पुसला. कोरड्या मातीसारखा रंग आला. पांढऱ्या कॅनव्हासवर पहिलाच ठिपका काळाकुट्ट वाटतो आणि मग सगळं चित्र फिकं होत जातं. मध्यम टोनवर सुरुवात केली की उजेड आणि सावली दोन्ही पहिल्या दिवसापासून मोजता येतात.

२ जुलै

चारकोलने रेखाटन. घोडी डावीकडे तोंड करून, थोडी आपल्यापासून वळलेली, म्हणजे पुठ्ठ्याची तिरपी रेघ दिसेल. डोकं खांद्याच्या उंचवट्यापेक्षा जरा खाली. मागे तबेल्याची भिंत, त्यात काही नाही.

"मागे जरा डोंगर दाखवा ना." हे कुणीही म्हणालं नाही. खोलीत मी एकटी होते. पण हात थांबला, आणि मी खरोखर डोंगराची जागा बघायला लागले. उजवीकडे वर रिकामं वाटतंय, तिथे काहीतरी हवं. सतरा वर्षांत हा आवाज इतका ऐकलाय की तो आता माझ्याच आवाजात बोलतो. चारकोल खाली ठेवला आणि बाहेर चालून आले. परत आल्यावर ती रिकामी जागा बघितली. चांगली आहे. घोडीच्या पाठीचा बाक तिच्यामुळेच दिसतो.

५ जुलै

पहिला थर. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, भरपूर टर्पेंटाइन, रुंद चपटा ब्रश. फक्त उजेड कुठे आणि सावली कुठे. दोन तासांत झालं. अजून खूप काम आहे, पण आत्ता घोडी तिथे उभी आहे.

९ जुलै

रंगाचा पहिला खरा दिवस, आणि आज जे दिसलं ते नीट लिहायचंय.

कुमाईत रंग तपकिरी नसतोच. काल दुपारी तबेल्यात चांदणीपासून दोन हातांवर बसून नुसती पाठ बघितली. पाठीचा जो भाग वर आकाशाकडे आहे तिथे दाराबाहेरच्या ढगांचा थंड, निळसर-राखाडी उजेड पडतो. तिथे तपकिरी जवळजवळ दिसतच नाही. तिथून खाली बरगड्यांवर आलं की रंग तापतो, तांबूस होतो, सिएना आणि ऑकर. मग पोटाच्या गोलाईवर सावली, आणि सावलीच्या अगदी खाली, पोटाच्या तळाला, जमिनीवरून उसळलेला पिवळसर उजेड. वरचा निळा आणि खालचा पिवळा यांच्या मध्ये सगळा घोडा. याच्यावर काळी आयाळ पडते, आणि ती काळी नसते. तिच्या कडांना तेच निळं आहे.

पॅलेटवर काळी ट्यूब काढलीच नाही. आयाळीसाठी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना, कधी निळ्याकडे झुकवून, कधी तांबड्याकडे. तयार काळा लावला असता तर तिथे भोक पडल्यासारखं दिसलं असतं.

केसांची चमक केसाकेसाने काढायची नसते. चमक शरीराच्या उताराला धरून पडते आणि केस तिला कडेला थोडे विस्कटतात. म्हणून चमकेचा एक सलग पट्टा जाड रंगाने ठेवला, आणि कोरड्या ब्रशने त्याची फक्त एक कड केसांच्या दिशेला ओढली. खरारा केल्यावर खांद्यावर जशी लाट बसते तशी ती बसली. आज दिवसभर घशात काहीतरी दाटून होतं. आनंदच होता तो.

१० जुलै

वाळलं नाही. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, ते उडून जात नाही. या दमट हवेत घाई करून उपयोग नाही. थांबायचं. ऑर्डरच्या दिवसांत अशा वेळी वाळवणारं द्रावण जास्त घालून पुढे रेटलं असतं.

१६ जुलै

आज वाईट वाटलं.

चार दिवस सलग काम झालं होतं आणि चित्र फार छान दिसत होतं. इतकं छान की सकाळी दारातून बघितल्यावर काहीतरी खटकलं. वही काढली आणि शेजारी धरली. मान वहीतल्यापेक्षा दोन बोटं वर गेली होती. पाठीचा बाक भरून आला होता. आणि खालचा ओठ मी मिटवला होता.

यातलं एकही मी ठरवून केलं नव्हतं. हाताने केलं. प्रत्येक पोर्ट्रेटमध्ये हनुवटीखालची कातडी जरा आत घेतली, डोळ्यांखालचं काळं जरा उजळलं, ते कुणी सांगायच्या आधीच. तोच हात चांदणीवर फिरला आणि त्याने तिला दहा वर्षांनी लहान केलं.

पॅलेट नाइफने मान आणि तोंड खरवडून काढलं. फडक्याला टर्पेंटाइन लावून जुन्या थरापर्यंत पुसलं. नऊ तासांचं काम. पाठ ओली होती तिथेही रंग काढला. आता कॅनव्हासवर मानेच्या जागी एक तपकिरी डाग आहे. त्याच्याकडे बघत बसले तर रडू येईल म्हणून दिवा बंद केला.

१८ जुलै

वहीतून पुन्हा मापं घेतली. ब्रश हातात घेतला नाही.

२२ जुलै

तबेल्यात अकराव्यांदा. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रकार रोझा बोनर पॅरिसच्या घोडेबाजारात सुमारे दीड वर्ष आठवड्यातून दोनदा जायची, पुरुषांचे कपडे घालून, त्यासाठी पोलिसांची परवानगी काढून, म्हणजे कुणी अडवणार नाही. मग तिने पाच मीटर रुंदीचं 'द हॉर्स फेअर' केलं. माझ्या अकरा दुपारी त्यापुढे काहीच नाहीत.

काकांना फोनवर चित्राचा फोटो दाखवला. मान नव्याने लावलेली, डोळा अजून नाही. त्यांनी फोन लांब धरून बघितला, मग जवळ घेतला. "पाय बरोबर आहेत. मागचा सुटलेला पाय एकदम तिचा." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पण ताई, हिने काहीतरी ऐकलंय."

मला कळलं नाही. त्यांनी चांदणीकडे बोट केलं. ती डुलकीत होती आणि तिचे दोन्ही कान बाजूला सैल पडले होते, कानांची पोकळी जवळजवळ जमिनीकडे. माझ्या चित्रात कान ताठ होते, पुढे वळलेले. सुटलेला पाय आणि ताठ कान एकत्र येत नाहीत. अंगाने ती झोपलेली आणि कानाने जागी, असा घोडा मी उभा केला होता. इतके दिवस बघूनही ते मला दिसलं नाही, कारण ताठ कान देखणे दिसतात.

चीनमध्ये आठव्या शतकात हान गान नावाचा चित्रकार होता, सम्राटाच्या पदरी, घोड्यांसाठी नावाजलेला. त्याला सम्राटाने दुसऱ्या चित्रकाराकडे शिकायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की आपल्या पागेतले घोडे हेच माझे गुरू, अशी गोष्ट सांगतात. घोडे तर आहेतच. मला त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं राहिलेला माणूसही लागला.

"कसं ओळखता काका, एवढंसं?" मी विचारलं. "आत शिरायच्या आधी कान बघायचे," ते म्हणाले. "नाहीतर लाथ बसते."

२९ जुलै

कान झाले. बाजूला सैल. त्यांच्यामुळे सगळं डोकं जड झालं, जसं असायला हवं तसं.

आज डोळा. घोड्याचा डोळा जमिनीवरच्या प्राण्यांत सर्वात मोठ्या डोळ्यांपैकी, आणि डोक्याच्या बाजूला बसवलेला. बाहुली गोल नसते, आडवी असते. पण डुलकीत वरची पापणी अर्ध्यावर येते, तेव्हा हे सगळं झाकलं जातं आणि उरते एक ओली काळी फट आणि तिच्यावर सरळ, खाली झुकलेल्या पापण्यांच्या केसांची सावली. चमकेचा पांढरा ठिपका द्यायचा मोह होतो. पोर्ट्रेटमध्ये त्याच ठिपक्याने माणूस जिवंत होतो. इथे पापणीने उजेड अडवलाय. ठिपका दिला नाही. फटीच्या खालच्या कडेला फक्त एक राखाडी ओली रेघ, सर्वात बारीक लांब ब्रशने, श्वास धरून.

डोळ्याच्या वरचा खळगा मात्र खोल केला. आधी जेवढा धीर होत होता त्यापेक्षा खोल.

६ ऑगस्ट

चित्र वाळायला भिंतीशी. मधल्या वेळात फ्रान्समधल्या पेश मर्ल गुहेतले ठिपकेदार घोडे बघत होते, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, अंगाच्या बाहेरही ठिपके. खूप काळ लोक त्या ठिपक्यांना काहीतरी गूढ खूण समजत होते. मग २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्या काळी युरोपात असे ठिपकेदार घोडे खरोखर होते असं निघालं. त्या चित्रकाराने जे बघितलं तेच काढलं असण्याची शक्यता आता धरावी लागते. मला हे वाचून फार बरं वाटलं. त्यांच्या डोळ्यावर आपण विश्वास ठेवायला हवा होता.

९ ऑगस्ट

मागच्या डाव्या पायातला पांढरा पट्टा. सावलीत पडतो, म्हणून पांढरा रंग जवळपास लागलाच नाही. राखाडी, थोडा जांभळट, आणि खुराच्या वरच्या कडेला जिथे केस विरळ आहेत तिथे हलका गुलाबी. पांढऱ्या केसांखाली कातडीही गुलाबी असते. खुराचं टोक जमिनीला टेकतं ती जागा सर्वात अवघड. तिथे वजन नाही हे दिसायला हवं. सावली उजव्या खुराखाली घट्ट आणि गडद ठेवली, डाव्या टोकाखाली फिकी, कड विरलेली. तीनदा पुसलं.

१४ ऑगस्ट

आज ओठ. मुद्दाम शेवटी ठेवला होता.

काल दुपारी तबेल्यात फक्त ओठ बघितला, एवढा जवळून की तिचा श्वास वहीच्या कागदाला लागत होता. खालचा ओठ वरच्यापासून बोटभर सुटलेला. आतली कड ओलसर, काळपट-गुलाबी. बाहेरून मखमलीसारखे आखूड केस आणि त्यांतून वेडेवाकडे, लांब, राठ असे पंधरा-वीस केस, काही काळे, काही पांढरे झालेले. हनुवटीवर एक लहान वाटोळा उंचवटा. तिने उसासा सोडला की ओठ थरथरतो आणि नंतर आधीपेक्षा थोडा आणखी खाली येतो.

तो खाली आलेला ओठ काढला. रंग तीनच : अल्ट्रामरीन-सिएनाचं मिश्रण, त्यात थोडा टायटॅनियम व्हाइट घालून राखाडी, आणि आतल्या कडेसाठी लालसर चिमूटभर. राठ केस सगळे काढले नाहीत, सातच. एक केस ओठाच्या सावलीवरून उजेडात येतो, तो पांढरा.

मागे सरकून बघितलं. पाठीवर अजून एक जागा आहे, खांद्याच्या मागे, जिथे निळसर रंग जरा गार पडलाय. ती उद्या. आज हात थरथरत होता.

१५ ऑगस्ट

खांद्यामागची जागा तशीच राहू दिली. सकाळच्या उजेडात ती बरोबर होती.

कॅनव्हास इझलवरून काढून आतल्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीला टेकवला. दुसरा कॅनव्हास ताणून झालाय, जेसोचा पहिला हात दिला. यात चांदणी पूर्ण मागून हवी, खचलेल्या पाख्यासारखा पुठ्ठा, शेपूट सरळ खाली. काका म्हणाले, मागे बसायचं तर डाव्या हाताला बसा, उजवीकडे ती कुणाला उभं राहू देत नाही.